दरबारी ताक

साखर कमी खा असं लोकांना सांगत फिरण्याच्या नोकरीत मी जेवढी साखर खाल्ली, तेवढी आमच्या सबंध घराण्यात कुणी खाल्ली नसेल. ग्वाल्हेरच्या आसपासच्या खेड्यांत पाहुण्याची पत बघून चहात साखर पडते. पटवारी आला तर बेताची, जावई आला तर मुठीने. शहरातून जीपने येणारी आमच्यासारखी मॅडम जावयाच्या जरा खाली, पण फार खाली नाही. नको म्हणावं तर घरातली म्हातारी दुखावते आणि मग ती सुनेला पुन्हा कधी बैठकीला पाठवत नाही. शेवटी मी एक युक्ती काढली. चहा पुढे आला की म्हणायचं, "आज मेरा व्रत है." तर त्यांनी व्रताचं म्हणून पेढे घातलेलं गरम दूध आणायला सुरुवात केली. वर प्रत्येक गावात वेगळ्या वारी हे सांगितल्यामुळे माझे सातही दिवस उपास असतात अशी ख्याती पसरली. बायका मला व्रताचे विधी विचारू लागल्या, आणि वजन का वाढतंय असं डॉक्टर.

मी अंगणवाड्यांची पर्यवेक्षिका होते. महाराष्ट्र मंडळाच्या कार्यक्रमात आमचे हे माझी ओळख "ही खिचडी खात्यात आहे" अशी करून द्यायचे. लोकांना वाटतं, हे काम म्हणजे खेड्यात जाऊन पालक खा, दूध प्या असं सांगायचं. पण काय खावं हे त्यांना आपल्यापेक्षा कमी ठाऊक नाही. बाजरी, मूग, हरभऱ्याची भाजी, बथुआ म्हणजे आपला चाकवत, सगळं दाराशी आहे. अडचण असते ती कोण कधी जेवतं याची. आधी पुरुष, मग मुलगे, मग मुली, मग सासू, आणि पातेल्याच्या तळाशी जे लागलेलं असेल ते सुनेचं. त्यात जेवल्याबरोबर चहा, म्हणजे भाजीतलं जे थोडंफार लोह पोटात गेलं तेही फुकट. म्हणून आमच्या धंद्यातली पहिली शिकवण अशी, की सुनेला उपदेश करू नये, सासूला गाठावं. मी दिवसभर सासवांना सांगत हिंडायची, "बहू को पहले परोसो अम्मा." संध्याकाळी ग्वाल्हेरच्या लष्कर भागात घरी आले की सगळ्यांना वाढायची आणि ओट्याशी उभ्या उभ्या उरलेलं खाऊन घ्यायची. त्यात काही विचित्र आहे असं तेव्हा मनातसुद्धा आलं नाही.

ज्या गावाची ही हकिकत आहे त्याला आपण पिपरौली म्हणू. खरं नाव सांगत नाही, कारण तिथे माझी अजून ये-जा आहे आणि तिथली माणसं माझ्यापेक्षा चांगली भांडतात. तिथली अंगणवाडी कार्यकर्ती शांती, माझ्या हाताखालच्या सगळ्यांत कामसू. मुलांची वजनं, गरोदर बायकांच्या गोळ्या, कशात कसूर नाही. पण तिच्याच मुलीचं, सपनाचं, नर्सिंग कॉलेजात रक्त तपासलं तर ते इतकं कमी निघालं की तिथल्या बाईंनी तिला आधी खुर्चीवर बसवलं. मी शांतीला फैलावर घेतलं. सगळ्या गावाला शिकवतेस आणि घरात हे काय? शांती म्हणाली, "का करें मैडम, पहले भैया खात है, फिर बापू. मोड़ी खुद ही बाद में बैठती है." मोड़ी म्हणजे मुलगी. मुली नेहमी आपणहूनच मागाहून बसतात, हे मला प्रत्येक घरात ऐकायला मिळालेलं आहे.

गेल्या काही वर्षांत आमच्या कामात एक नवी डोकेदुखी आली, ती बाटल्यांची. गावातल्या दुकानात फ्रिज आला आणि पाहुण्यापुढे रंगीत थंड पेयाची बाटली ठेवणं ही इज्जतीची गोष्ट झाली. पाहुणा अर्धी पितो, उरलेली पोरं पितात, आणि मग ती जेवत नाहीत. घरात मात्र रोज ताक घुसळलेलं असतं. तिकडे त्याला मट्ठा म्हणतात. आपल्याकडे ताक म्हणजे जेवणाचा शेवट गोड करणारी गोष्ट. तिकडे मट्ठा कुणी विकत नाही, कुणी विकत घेत नाही, दाराशी लोटा घेऊन जो येईल त्याला ओतून देतात. त्यामुळे तो मानाच्या पाहुण्यापुढे ठेवायचा म्हणजे तुमची लायकी एवढीच असं सांगितल्यासारखं होतं. मे महिन्यात लू, म्हणजे भाजून काढणारं वारं, वाहत असताना थंडगार मट्ठ्याचं मडकं आत झाकून ठेवायचं आणि पाहुण्याला लाल पाणी पाजायचं, असा सगळा प्रकार.

तेव्हा वरून निरोप आला की गावोगावी आरोग्यदायी खाण्यापिण्याची शपथ घेववा आणि फोटो पाठवा. आमच्या खात्यात शपथेला फार महत्त्व. बायका ओळीत उभ्या राहतात, उजवा हात पुढे करतात, कुणीतरी वाचतं, फोटो निघतो, तो ग्रुपवर जातो, वरून एक अंगठा येतो, आणि सगळे चहा प्यायला बसतात. चहात साखर घातलेली असते.

पिपरौलीच्या मंगळवारच्या बैठकीत मी शपथ तयार ठेवली होती: "मेहमान को बोतल नहीं पिलाएँगे, घर का मट्ठा पिलाएँगे." बायकांनी हात पुढे केले. मी मोबाइल काढला. तेवढ्यात भगवंती अम्मा उठल्या. गावातल्या सगळ्यांत वयस्कर सासू, गावचं सर्वोच्च न्यायालय.

"हाथ उठाए से सौगंध होत है का?" त्या म्हणाल्या. "हाथ तो मोड़ा-मोड़ी स्कूल में रोज उठात हैं."

आणि त्यांनी घरून गंगाजलाचा सीलबंद गडू मागवला. मी म्हटलं, अम्मा, राहू दे, एवढं नको. पण मनात म्हटलं, फोटो काय झकास येईल. गडू हातोहात फिरला, प्रत्येकीने तो कपाळाला लावून शपथ घेतली, शांतीनेही घेतली. मी समोरून, बाजूने, खाली बसून फोटो काढले. वरून एक नाही, तीन अंगठे आले.

पुढे काय होणार हे मला त्या दिवशी कळायला हवं होतं. ग्वाल्हेरात जन्म गेला माझा. कागदावरची शपथ आणि गंगाजलावरची शपथ यांतला फरक मला कुणी शिकवायची गरज नव्हती.

पुढच्या महिन्यात गावात गेले तर दुकानदार रस्त्यातच आडवा आला. "मैडम, आपने तो हमाई दुकान बैठा दई." बायका शपथेला पक्क्या राहिल्या होत्या. कुणाचे मामा मट्ठा बघून रुसून परत गेले होते. कुणी पाहुण्यांना बोलावणंच बंद केलं होतं. एकीने लिंबाच्या सरबताची पळवाट काढली, तर भगवंती अम्मांनी तिला चारचौघींत विचारलं, "मट्ठा बोली थीं कि नईं?" मी अहवालात लिहिलं की उपक्रम अपेक्षेपेक्षा यशस्वी झाला आहे. ते अगदी खरं होतं.

आणि अशातच सपनाचं लग्न ठरायची वेळ आली.

मुलगा चांगला होता, शिक्षक होता. पण मुख्य गोष्ट म्हणजे मुलाचे वडील रघुवीरसिंह यांनी सपनाला नर्सिंगचं शेवटचं वर्ष पूर्ण करू देतो असं कबूल केलं होतं. आधीच्या दोन स्थळांनी शिक्षण सोडा म्हणून सांगितलं होतं. रघुवीरसिंहांना शिकलेली सून हवी होती, कारण त्यांच्या गावात अजून कुणाकडे नव्हती. माणूस मनाने बरा, पण मानपानाला भलता जपणारा. त्यांचे पणजोबा ग्वाल्हेर दरबारच्या घोडदळात होते, आणि ही गोष्ट ते रामरामाच्या आधी सांगत. बोलणी पक्की करायला मंडळी येणार होती, ती भर मे महिन्यात, भर दुपारी.

शांती मला भेटायला लष्करात आली. चेहरा उतरलेला.

"मैडम, बोतल पिलाएँ तो गंगा मैया. मट्ठा पिलाएँ तो समधी उठ के चले जाएँगे. जे रिश्ता टूटा तो सपना के बापू अगले को हाँ कर देंगे, फिर मोड़ी की पढ़ाई गई."

मी म्हटलं, तुझ्या मनात काय आहे? ती पदराचं टोक पिळत म्हणाली, "मैडम, आपने तो गंगाजल उठाया नहीं था. आप तो फोटो खींच रही थीं."

सगळ्या गावात शपथेबाहेर राहिलेली बाई एकच, आणि ती मी. मी माझ्या पैशाने बाटल्या आणायच्या, माझ्या हाताने समधींना, म्हणजे व्याह्यांना, द्यायच्या. म्हणजे शांतीच्या घराने काही दिलं नाही आणि गंगा मैयाला बोलायला जागा नाही. गावातल्या बायकांची यावर बैठक होऊन हे एकमताने मंजूर झालं होतं. ज्या बैठकीला मी सगळ्यांना शिस्तीत बसायला शिकवलं, त्याच बैठकीने माझा निकाल लावला.

मला नाही म्हणता आलं नाही. सपना अंगणवाडीत यायची तेव्हापासूनची माझ्या डोळ्यासमोर वाढलेली. वजनकाट्यावर बसायला घाबरायची आणि उतरवलं की पुन्हा बसव म्हणून रडायची.

पाटणकर बाजारात जाऊन मी बाटल्या घेतल्या आणि कापडी पिशवीत वर मेथीची जुडी ठेवून आणल्या. तरी शेजारच्या बाईंनी गाठलंच. "काय हो, घरात पार्टी?" मी म्हटलं, ऑफिसचं काम आहे. मग कपाटातून चांदीचे पेले काढले. बाटली दिसू नये, नुसता पेला दिसावा, एवढाच हेतू. ते पेले आमच्याकडे सत्यनारायणाला निघतात. आमचे हे म्हणाले, "मला तीस वर्षं स्टीलचं भांडं, आणि तुझ्या समधींना चांदी?" मी म्हटलं, समधी माझे नाहीत. ते म्हणाले, तेच तर म्हणतोय.

त्या दिवशी पिपरौलीत सकाळपासून वीज नव्हती. आमची जीप वाटेत एकदा बंद पडली. बाटल्या मागच्या सीटवर उन्हात हिंदकळत आल्या होत्या आणि हाताला चटका बसेल इतक्या तापल्या होत्या. शांतीच्या अंगणातल्या छपराखाली रघुवीरसिंह, त्यांचे दोन भाऊ आणि शांतीचा नवरा धरून गावातली चार मोठी माणसं बसली होती. पंखा बंद. रघुवीरसिंह साफा सावरत पणजोबांच्या घोड्याबद्दल सांगत होते आणि मध्ये मध्ये आतल्या दाराकडे बघत होते. पहिलं पाणी झालं होतं. आता जे येणार, त्यावर इज्जत ठरणार होती.

स्वयंपाकघरात मी पहिली बाटली उघडली आणि तिने माझ्या साडीवर, भिंतीवर आणि चुलीवर अभिषेक केला. दुसरीनेही तेच केलं. पेल्यात पडलं ते गरम, चिकट, गुलाबी पाणी. दारात भगवंती अम्मा पाटावर बसल्या होत्या. त्या शांतपणे म्हणाल्या, "गंगा मैया देख रई हैं."

कोपऱ्यात ओलं फडकं गुंडाळलेलं मट्ठ्याचं मडकं होतं. सपना त्याच्या शेजारी नव्या साडीत बसली होती. तोंडावर घाम, ओठ पांढरे. मी विचारलं, सकाळपासून काही खाल्लंस? ती म्हणाली, "सब खा लें, फिर."

त्या चार शब्दांनी माझं डोकं फिरलं. मी पेले विसळले, मडकं ओढलं, मट्ठ्यात भाजलेलं जिरं, काळं मीठ आणि पुदिना घातला आणि चांदीचे पेले भरले. शांती म्हणाली, "मैडम, का कर रई हो?" मी काय करतेय ते मलाही नीट ठाऊक नव्हतं. मी तबक घेऊन बाहेर गेले.

रघुवीरसिंहांनी पेल्याकडे बघितलं. चांदी बघून चेहरा उजळला, आतलं बघून पडला.

"जे का है? मट्ठा?"

शांतीचा नवरा माझ्याकडे असा बघत होता की जणू मी त्याच्या घराला काडी लावली आहे. पुढचं जे बोलले ते कुठून सुचलं, देव जाणे.

"मट्ठा नहीं, ठाकुर साहब. यह दरबारी छाछ है. हम मराठा घरानों में रिश्ता पक्का होता है तो सबसे पहले चाँदी में यही आती है. महल का पुराना रिवाज है. आपके परबाबा तो दरबार में थे, आपको क्या बताना."

आता खरं सांगते. आमचे सासरचे पूर्वज फौजेबरोबर दक्षिणेतून इथे आले, एवढं नक्की. राजवाड्याचं दार त्यांनी बाहेरूनच पाहिलं असावं. तिथे सोयरिकीला काय पीत असत याची मला आजतागायत कल्पना नाही. पण ग्वाल्हेरच्या खेड्यांत मराठी आडनाव म्हणजे थेट महालाचं माणूस असा समज आहे, आणि नोकरीत प्रथमच मी तो दूर केला नाही.

रघुवीरसिंहांची पंचाईत झाली. उठून जावं तर दरबारचा रिवाज ठाऊक नाही असं होईल, आणि मग घोडदळाचं काय? त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

"हाँ हाँ," ते म्हणाले. "हमाए परबाबा बताते थे."

मिनिटापूर्वी जन्मलेल्या रिवाजाला साक्षीदार मिळाला. त्यांनी पेल्याकडे हात नेला. तिथे मी थांबायला हवं होतं. पण आतल्या दारातून सपनाचे ते पांढरे ओठ दिसत होते.

"फिर तो आपको यह भी पता होगा," मी म्हटलं, "कि पहला प्याला बहू पीती है. बाकी सब उसके बाद."

त्यांचा हात अर्ध्यावर राहिला. त्यांचे भाऊ त्यांच्याकडे बघू लागले. बाहेर लू सुटली होती, आणि एका साफ्याखाली एवढा विचार कधी झाला नसेल.

"काए नईं पता," ते अखेर म्हणाले. "बुलाओ बहू को."

सपना डोक्यावर पदर घेऊन बाहेर आली. मी तिच्या हातात पेला दिला. तिने तो सावकाश, थेंब न सोडता संपवला, आणि तोपर्यंत सात पुरुष कोरड्या घशाने, आदराने बसून राहिले. अख्ख्या नोकरीत मी इतकं सुंदर दृश्य पाहिलेलं नाही. फोटो काढायचं मात्र सुचलं नाही. मग बाकीचे प्यायले. रघुवीरसिंहांनी तीनदा घेतलं आणि भावांना सांगितलं, ही चव पणजोबा सांगायचे तशीच आहे. बोलणी पक्की झाली. मागच्या दारी भगवंती अम्मांनी माझा हात धरला. "मट्ठा ही पिलाया ना? बस." उरलेल्या बाटल्या मी घरी आणल्या. आमच्या ह्यांनी त्या मिटक्या मारत संपवल्या, स्टीलच्या भांड्यातून.

पुढे त्या भागात सोयरिकीला दरबारी छाछ लागू लागली. काही ठिकाणी तिच्यात केशर घालतात असं ऐकून मी दोन दिवस अस्वस्थ होते. सपनाने नर्सिंग पुरं केलं, तिथल्याच आरोग्य केंद्रात लागली. मी निवृत्त झाले. ताकाने रक्त वाढत नाही, हे मी धंद्याला स्मरून सांगते. पण घरात एखादी गोष्ट सुनेला आधी मिळू लागली की दुसरीही मिळायला फार वेळ लागत नाही, असा माझा अंदाज होता. अंदाजच, कारण सोयरिकीनंतर रघुवीरसिंहांच्या घरी मी कधी गेले नव्हते.

गेल्या उन्हाळ्यात सपनाच्या मुलीच्या उष्टावणाचं बोलावणं आलं. सपनाच्या आजेसासूबाई कधी गावाबाहेर न गेलेल्या, त्यामुळे त्या मला ओळखत नव्हत्या. शहरातून कुणी बाई आली आहे, एवढंच त्यांना ठाऊक. जेवणाच्या वेळी त्यांनी मडक्यातून ताक ओतलं आणि पहिला पेला सपनाला दिला. मग पहिलं ताटही तिचंच वाढलं. रघुवीरसिंह ओसरीत मुकाट्याने वाट बघत बसले होते. सपना छान भरली होती. गालांवर रंग होता.

मी मुद्दाम विचारलं, "अम्मा, पहले बहू?"

"महल का रिवाज है," त्या म्हणाल्या. "हमाए ससुर के बाप दरबार में थे. तुम सहर वाली का जानो." मग माझ्याकडे निरखून बघत त्यांनी विचारलं, "तुमाए यहाँ पहले कौन खात है?"

पदराआड सपना हसत होती. मला मात्र हसू येईना. मी म्हटलं, "हमारे यहाँ भी यही रिवाज है, अम्मा." सबंध आयुष्यात इतकं खोटं मी बोलले नव्हते, आणि त्याची इतकी लाजही कधी वाटली नव्हती.

संध्याकाळी घरी पोचले. आमचे हे नेहमीप्रमाणे टेबलाशी येऊन बसले आणि म्हणाले, "वाढतेस ना?" मी ताट घेतलं, भाकरी घेतली, भाजी घेतली, पेल्यात ताक ओतलं आणि त्यांच्या समोरच्या खुर्चीवर बसून जेवायला लागले. ते माझ्या ताटाकडे बघत राहिले. पिपरौलीची हकिकत त्यांना माझ्याकडून शंभरदा ऐकून पाठ झालेली आहे.

मी म्हटलं, "महालाचा रिवाज आहे."

ते खुर्ची मागे सारून उठले. ओट्याशी गेले आणि आपलं ताट स्वतः वाढून घेऊ लागले.

"हो," ते पाठमोरे म्हणाले, "आमचे पणजोबा सांगायचे."